कुंपणाचा खांब मातीच्या तोंडाशीच का कुजतो?

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणा नदीच्या काठी माकणी हे गाव आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण येथेच बांधलेले असल्यामुळे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनाही हे नाव निदान ऐकून ठाऊक असते. नदीलगत खोल काळी जमीन, चढावर मुरमाड माळ आणि बांधाबांधावर बाभूळ, लिंब, बोर असे या भागाचे साधारण रूप आहे. शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने पुणे, सोलापूर, मुंबईला गेलेल्या अनेक कुटुंबांची अशा गावांत आजही दोन-चार एकर जमीन असते. सुटीत गावी गेल्यावर त्या जमिनीला कुंपण घालण्याचा विचार निघतो. रानडुकरे आणि हरणांचे कळप उभ्या पिकात शिरू लागल्यापासून तर कुंपण ही हौस राहिलेली नाही. मग बांधावरचीच बाभूळ तोडून डांब केले जातात, तार ओढली जाते आणि मंडळी समाधानाने शहरात परततात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर फोन येतो, कुंपण आडवे झाले.

पडलेला खांब हातात घेऊन पाहिला तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. वरचा चार-पाच फुटांचा भाग उन्हापावसाने करडा पडलेला असला तरी ठणठणीत असतो. जमिनीत सर्वांत खोल गेलेले टोकही पुष्कळदा शाबूत निघते. लाकूड संपलेले असते ते नेमके मातीच्या तोंडाशी, म्हणजे जमिनीच्या पातळीच्या वीतभर वर आणि वीत-दीड वीत खाली. सात फुटांच्या खांबाचे आयुष्य या दीड-दोन फुटांच्या पट्ट्यावर अवलंबून असते. लाकूड टिकविण्याच्या उपायांपैकी जे उपाय या पट्ट्याचा विचार करतात तेवढेच उपयोगी पडतात. बाकीच्यांत तेल, डांबर आणि पैसा वाया जातो.

न फार ओले, न फार कोरडे

लाकूड आपोआप कुजत नाही. बुरशीच्या काही जाती ते खातात. या बुरशीला जगण्यासाठी खाद्य, उबदार हवामान, ओलावा आणि प्राणवायू या चार गोष्टी लागतात. लाकूड हे तिचे खाद्य आहे आणि हवामान आपल्याकडे बाराही महिने तिला मानवणारे आहे. उरले ओलावा आणि हवा. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी राहिले तर बुरशी वाढू शकत नाही. उलट लाकूड पाण्यात पूर्ण बुडून राहिले तर तिला प्राणवायू मिळत नाही आणि तिची उपासमार होते.

कोरड्या लाकडाचा दाखला पाहायचा तर लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात जावे. तेथील चैत्यगृहाच्या छताला बसविलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांना ना मातीचा स्पर्श, ना पावसाचा. ओल्या लाकडाचा दाखला थोडा दूरचा, पण आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. मौर्यकाळात पाटलिपुत्र नगरीभोवती लाकडी तट होता, असे ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याने लिहून ठेवले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाटण्यातील बुलंदीबाग येथे उत्खनन झाले तेव्हा त्या तटाचे सालवृक्षाचे ओंडके ओल्या मातीखाली सापडले. जमिनीत पुरलेले एक प्रचंड लाकडी कुंपणच बावीसशे वर्षे टिकून राहिले होते! जांभळाचे लाकूड पाण्याखाली टिकते हा आपल्याकडचा जुना अनुभवही याच जातीचा आहे.

कुंपणाचा खांब मात्र या दोन्ही सुरक्षित अवस्थांच्या बरोबर मध्ये उभा असतो. खालच्या टोकाला ओल असते पण हवा कमी. वरच्या भागाला हवा असते पण ओल टिकत नाही. मातीच्या तोंडाशी दोन्ही गोष्टी पुरेशा मिळतात आणि बुरशीचे फावते. वाऱ्याने खांब हलतो तेव्हा सर्वांत जास्त ताणही त्याच ठिकाणी येतो. जेथे लाकूड दुबळे होते तेथेच त्याला सर्वाधिक जोर सोसावा लागतो.

काळ्या जमिनीची कथा

माकणीसारख्या गावात या दुखण्याला काळ्या जमिनीची भर पडते. ही चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. हात-दोन हात खोल भेगा पडलेले रान मराठवाड्यातील कोणालाही नवे नाही. खांबाभोवतीची मातीही अशीच आकसते आणि लाकूड व माती यांच्यामध्ये फट पडते. मृगाचा पहिला पाऊस त्या फटीतून थेट खाली उतरतो. पुढे माती फुगून फट मिटते, पण आत गेलेली ओल लवकर वाळत नाही. शिवाय भेगांमधून हवाही खोलवर पोचते, त्यामुळे कुजण्याचा पट्टा येथे थोडा खालपर्यंत जातो. जिल्ह्यात वर्षाला साधारण सातशे ते आठशे मिलिमीटरच पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने तो काहीच नाही. तरीही येथील खांब कोकणापेक्षा फार जास्त टिकतात असे समजण्याचे कारण नाही. ओले-कोरडे होण्याचा हा फेरा लाकडाला बाधक ठरतो. फुगणारी माती खांबाला दरवर्षी थोडा थोडा तिरका ढकलते, हा त्रास वेगळाच.

दुसरा शत्रू वाळवीचा. कुणी तिला उधई म्हणतात. बुरशीला ओले लाकूड हवे असते, वाळवीला ती अट नाही. जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत ती लाकडाला भिडते आणि लागणारा ओलावा स्वतःबरोबर घेऊन येते. म्हणून मुरमाड, कोरड्या माळावर बुरशीचा उपद्रव कमी असला तरी वाळवीचा अधिक असतो. बाहेरून पापुद्रा शाबूत ठेवून ती आतून लाकूड पोखरते. त्यामुळे खांब पडेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही.

उथळ्याचा धडा

आपल्या जुन्या गवंडी-सुतारांना हे ठाऊक नव्हते असे मानणे चुकीचे ठरेल. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात छताचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर असे. हे खांब जमिनीत गाडत नसत. प्रत्येक खांबाखाली घडीव दगडाचे उथळे बसवीत आणि त्यावर खांब उभा करीत. सारवणाची ओल, जमिनीतली वाळवी आणि लाकूड यांच्यामध्ये हा हातभर दगड आडवा येई. तीन-तीन पिढ्या उभे राहिलेले खांब जुन्या वाड्यांत आजही पाहावयास मिळतात ते या दगडाच्या जोरावर.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात माकणीच्या शेजारची किल्लारी, सास्तूर ही गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे दगावली. दोन फुटांहून जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाच्या मातीचा जड थर हे त्या हानीचे मुख्य कारण ठरले. त्यानंतर झालेल्या पाहणीत अभियंत्यांना आणखी एक गोष्ट आढळली. जेथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी सांगाड्यावर होता आणि तो सांगाडा मजबूत होता, तेथे भिंती ढासळूनही छत पुष्कळदा तग धरून राहिले. भिंतीत चिणलेला, हवा न लागणारा आणि वर्षानुवर्षे झिरपणारी ओल सोसून बुडाशी पोकळ झालेला खांब असा भार पेलू शकत नाही, हे सांगावयास नको. लाकूड कुठे कुजते हा प्रश्न किरकोळ वाटतो खरा. पण या भागात तो कुंपणापुरता मर्यादित नाही.

कुंपणाच्या खांबाची अडचण अशी की त्याला उथळ्यावर नुसते उभे करता येत नाही. घराच्या खांबाला वरच्या भाराने स्थैर्य येते. कुंपणाच्या खांबाला जमिनीने धरून ठेवल्याशिवाय तार ओढता येत नाही. तो गाडावाच लागतो. म्हणूनच त्याची जात, तयारी आणि बसविण्याची रीत यांकडे घराच्या खांबापेक्षाही अधिक लक्ष द्यावे लागते.

कोणते लाकूड?

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचा टिकाऊपणा ठरविण्यासाठी एक साधी परीक्षा घेतली जाते. सुमारे दोन फूट लांब आणि दोन इंच जाडीचे नमुने अर्धे जमिनीत पुरून ठेवावयाचे आणि ते किती दिवसांत निकामी होतात ते पाहावयाचे. सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात गणले जाते. साग, साल, खैर ही पहिल्या वर्गातली लाकडे आहेत. आंबा आणि सावर तिसऱ्या वर्गातली. प्रत्यक्ष खांब नमुन्यापेक्षा जाड असल्याने तो काहीसा जास्त टिकतो, पण क्रम बदलत नाही. बांबू प्रक्रिया न करता जमिनीत रोवला तर एक ते तीन वर्षांत कामातून जातो.

येथे कायद्याचीही आठवण ठेवावी लागते. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा १९६४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीतील साग, खैर, अंजन यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभळीचे नाव त्या यादीत नाही. माकणीच्या परिसरात कुंपणासाठी बाभूळच पुढे येते याचे हे एक कारण आहे. ती बांधावर आपोआप उगवते हे दुसरे.

वरील वर्गवारी ज्या लाकडाची सांगितली जाते ते केवळ गाभ्याचे लाकूड होय, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झाडाचा बुंधा आडवा कापला की मधला गडद भाग आणि त्याभोवतीचा फिकट पांढरा भाग असे दोन स्पष्ट पट्टे दिसतात. गाभ्यात निसर्गतःच बुरशी आणि किडींना न मानवणारी द्रव्ये साठलेली असतात. पांढऱ्या भागात ती नसतात. उलट पिष्टमय पदार्थ असतात. त्यामुळे सागाचासुद्धा पांढरा भाग आंब्याच्या लाकडाइतकाच लवकर नासतो. मनगटाएवढ्या कोवळ्या बाभळीचा खांब दोन वर्षांत मोडला म्हणून बाभळीला दोष देण्यात अर्थ नाही. त्या खांबात गाभा जवळजवळ नव्हताच.

म्हणून जो खांब कोणतीही प्रक्रिया न करता गाडावयाचा आहे तो जून झाडाचा, भरपूर गाभ्याचा असावा आणि त्याचा पांढरा भाग निदान गाडल्या जाणाऱ्या टोकाकडे तासून टाकावा. प्रक्रिया करावयाची असेल तर नेमके उलटे करावे लागते. औषध गाभ्यात शिरत नाही. ते पांढऱ्या भागातच मुरते. निलगिरीसारख्या हलक्या मानल्या गेलेल्या झाडाचा गोल, न तासलेला खांब योग्य प्रक्रियेनंतर चांगल्या जातीच्या कोऱ्या खांबालाही मागे टाकतो तो या पांढऱ्या भागामुळे. हा फरक न जाणता तासलेल्या गाभ्यावर महागडे औषध फासणारे आणि कोवळा खांब कोराच गाडणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक पाहावयास मिळतात.

तयारी

तोडलेल्या लाकडाची साल लगेच काढावी. सालीखाली ओल कोंडते आणि भुंगेरे अंडी घालतात. बाभळीचे ओंडके काही महिने ओढ्यात किंवा तळ्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे. पाण्यामुळे लाकडातील पिष्ट कमी होते आणि भुंगा लागून पीठ पडण्याचे प्रमाण घटते. बैलगाडी आणि औतांच्या काळात ही रीत सुतारांच्या अंगवळणी पडलेली होती. मात्र तिचा उपयोग भुंग्यापुरताच आहे, मातीत कुजण्यावर तिचा काही परिणाम होत नाही. त्यानंतर लाकूड जमिनीपासून उचलून, दगडांवर आडवे रचून सावलीत वाळवावे. तीन ते सहा महिने लागतात. ओला खांब गाडून वरून डांबर फासणे म्हणजे आतली ओल आतच कोंडून बुरशीची सोय करून देणे होय.

तारेसाठी भोके, खाचा जे काही करावयाचे ते औषध लावण्याआधी करून घ्यावे. नंतर केलेल्या प्रत्येक छिद्रातून कोरे लाकूड उघडे पडते. वरचे टोक सपाट न ठेवता तिरपे कापावे, म्हणजे पाणी ओघळून जाते.

घरगुती उपाय किती खरे?

खांबाचे टोक आगटीत धरून काळे करण्याची पद्धत फार जुनी आहे आणि ती जगभर आढळते. कोळशाला बुरशी खात नाही हे खरे. परंतु जळालेला थर पातळ असतो, भाजताना त्याला चिरा पडतात आणि त्या चिरांतून बुरशी आतल्या कोऱ्या लाकडापर्यंत पोचते. परदेशांत झालेल्या दीर्घकालीन चाचण्यांत नुसत्या जाळलेल्या खांबांना फारसा फायदा झालेला दिसला नाही. जास्त जाळले तर खांब बारीक होतो, एवढेच.

डांबर फासण्याचेही तसेच. कोरड्या लाकडावर, तडे बुजवून, जाड थर दिला तर काही काळ ओल अडते. उन्हाने डांबर तडकले की पाणी आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळणाऱ्यांचाही हाच अनुभव असतो. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून सर्रास वापरले जाते. ते लाकडात खोल शिरत नाही, बुरशीला मारत नाही. मातीत आणि विहिरीच्या पाण्यात मात्र उतरते. बीएचसी पावडर टाकण्याचा सल्ला देणारी जुनी माणसे अजून भेटतात. त्या कीटकनाशकावर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे.

मोरचूद त्या मानाने गुणाचे आहे. बोर्डो मिश्रणामुळे ते द्राक्ष बागायतदारांच्या परिचयाचे असते. ताज्या तोडलेल्या, सालीसकट खांबाची खालची टोके मोरचुदाच्या द्रावणात उभी करून ठेवली की लाकडातील रसाबरोबर ते वर चढते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बूशेरी याने याच तत्त्वावर तारेचे खांब टिकविण्याची पद्धत काढली होती. यासाठी पिंप प्लॅस्टिकचे घ्यावे, कारण मोरचूद लोखंड खाते. खिळे आणि तारही त्याच कारणाने लवकर गंजते. नुसते मोरचूद पावसाने हळूहळू धुपून जाते, हा त्याचा मोठा दोष. टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण वाळवी व भुंग्यावर गुणकारी आहे, पण तेही पाण्यात विरघळते. छताखालच्या लाकडाला ते उत्तम, गाडलेल्या खांबाला एकटे पुरेसे नाही.

कारखान्यातली प्रक्रिया

मोरचूद धुपून जाऊ नये म्हणून काय करता येईल, या प्रश्नाचे जगाने दीर्घकाळ वापरलेले उत्तर भारतात सापडले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे एक मिश्रण तयार केले. क्रोमियममुळे उरलेली दोन द्रव्ये लाकडात घट्ट बसतात. तांबे बुरशीला आणि आर्सेनिक किडींना आवरते. बंद लोखंडी टाकीत लाकूड ठेवून आधी त्यातील हवा काढावयाची आणि मग दाबाने हे द्रावण आत घुसवावयाचे, अशी ही प्रक्रिया असते. अमेरिकेपासून न्यूझीलंडपर्यंत कुंपणाचे कोट्यवधी हिरवट खांब या मिश्रणाने टिकले. पण त्याचे मूळ आपल्याकडे आहे, हे आपल्याकडेच फारसे कोणाला ठाऊक नसते.

आर्सेनिक विषारी असल्याने पुढे शंका उपस्थित होऊ लागल्या. अमेरिकेत २००३ अखेरपासून घरगुती वापराच्या लाकडासाठी उत्पादकांनी हे मिश्रण थांबविले, युरोपातही २००४ पासून निर्बंध आले. आर्सेनिक वगळून केवळ तांब्यावर आधारलेली द्रव्ये आता तेथे वापरतात. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांना वापरले जाणारे क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल, हेही गाडलेल्या लाकडासाठी अत्यंत प्रभावी. कोरडा खांब गरम क्रिओसोटमध्ये काही तास ठेवून तेथेच थंड होऊ दिला की लाकडातील हवा आकसते आणि तेल आत ओढले जाते. मात्र ते ज्वलनशील आहे, कातडी जाळते आणि कर्करोगाशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. हा प्रयोग अंगणात करून पाहण्याचा नव्हे.

प्रक्रिया केलेले खांब विकत घ्यावयाचे असतील तर कोणते द्रव्य वापरले आहे ते विचारून घ्यावे. त्यांचे तुकडे, भुसा किंवा मोडलेले जुने स्लीपर चुलीत वा शेकोटीत जाळू नयेत. आर्सेनिक जळून नाहीसे होत नाही. ते धुरात आणि राखेत राहते, आणि खेड्यात राख भांडी घासण्यापासून धान्यात मिसळण्यापर्यंत कशासाठीही वापरली जाते. शहरातला मालक खांब बदलून निघून जातो. जुने लाकूड मागे राहते ते गड्याच्या चुलीपाशी. त्याला हे आवर्जून सांगितले पाहिजे.

खांब कसा बसवावा?

सात फुटी खांब निदान दोन फूट आणि काळ्या जमिनीत अडीच फूट खोल जावा. खड्ड्याच्या तळाशी वीतभर दगड-खडी घालून त्यावर खांब ठेवावा, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. बाजूने तीच काळी माती पुन्हा लोटू नये. मुरूम आणि खडी थराथराने घालून प्रत्येक थर ठोकून घ्यावा. मुरूम फुगत नाही, तडकत नाही आणि पाणी धरून ठेवत नाही, म्हणून काळ्या रानात त्याला तोड नाही. शेवटी खांबाभोवती मुरमाची छोटी उतरण करावी. पावसाचे पाणी खांबाकडे न येता बाहेर वाहून गेले पाहिजे. गवत, पाचट, शेणखत यांचा ढीग खांबाशी लागू देऊ नये.

सिमेंट काँक्रीटमध्ये बसविलेला खांब अमर होतो, हा शहरी वाचकांचा आवडता गैरसमज आहे. लाकूड वाळून आकसते, काँक्रीट आकसत नाही. दोहोंमध्ये फट पडते आणि खाली काँक्रीटचा तळ असेल तर खांब अक्षरशः वाटीत साचलेल्या पाण्यात उभा राहतो. काँक्रीट वापरावयाचेच असेल तर तळ खडीवर उघडा सोडावा आणि काँक्रीटचे तोंड जमिनीच्या चार बोटे वर काढून त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा.

याहून चांगला मार्ग म्हणजे लाकूड मातीला लागूच न देणे. सिमेंटचा आखूड खुंटा किंवा लोखंडी अँगल जमिनीत गाडावा आणि लाकडी खांब त्याला जमिनीपासून तीन-चार बोटे वर बोल्टने जोडावा. माळवदाच्या उथळ्याचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल. फाटकाचे आणि कोपऱ्यांचे खांब, ज्यांवर सर्वाधिक ताण येतो, ते तरी असे करावेत. सगळेच खांब सिमेंटचे का नकोत, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. एक एकराच्या चौरस तुकड्याची परिमिती सुमारे ८३५ फूट भरते. दर दहा फुटांवर एक म्हटले तरी ऐंशीहून अधिक खांब लागतात. ते विकत घेऊन शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च ज्याला झेपतो त्याने अवश्य सिमेंटचे खांब लावावेत. सौर झटका यंत्राच्या कुंपणाला मात्र हलके लाकडी किंवा बांबूचे खांब पुरतात, कारण त्यांना ताण सोसावा लागत नाही. तारेला इन्सुलेटर हवेतच. ओल्या लाकडातून वीज जमिनीत उतरते.

दरवर्षी मृगापूर्वी एकदा कुंपणाची फेरी करावी. प्रत्येक खांबाच्या बुडाची माती वीतभर उकरून स्क्रू ड्रायव्हरचे टोक लाकडात खुपसून पाहावे. टोक सहज आत गेले तर खांबाचे दिवस भरले. हातोडीने ठोकल्यावर भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या मोडून टाकाव्यात आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. नळी नव्याने बांधली गेली असेल तर वाळवी सक्रिय आहे असे समजून उपाय करावा. बुडाशी खचलेला पण वर चांगला असलेला खांब फेकून देण्याचे कारण नाही. शेजारी नवा आखूड खुंटा गाडून जुना खांब त्याला तारेने आवळून बांधला की आणखी काही वर्षे निघतात.

जिवंत खांब

या सगळ्या खटाटोपातून सुटण्याचा एक मार्ग शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे, तो म्हणजे खांबच जिवंत लावणे. उभ्या झाडाचे लाकूड कुजत नाही, कारण ते स्वतःचे रक्षण स्वतः करते. पांगारा, शेवगा आणि गिरिपुष्प यांच्या जाड फांद्या रोवल्या की मूळ धरतात. गिरिपुष्पाला काही भागांत उंदीरमारी म्हणतात; त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो. पाऊस चांगला लागला की मनगटाएवढ्या जाडीच्या, पाच-सहा फूट लांबीच्या फांद्या फूटभर खोल रोवाव्यात, साल सोलवटू देऊ नये आणि वरचे टोक तिरपे कापावे. काही फांद्या मरतात हे गृहीत धरून त्या थोड्या दाट लावाव्यात.

अशा रोपांवर पहिल्याच वर्षी तार ओढता येत नाही. मुळे घट्ट होईपर्यंत ती हलता कामा नयेत. तोपर्यंत तार पेलण्यासाठी मधूनमधून बाभळीचे डांब लागतातच. पुढे तार झाडावर घेतानाही ती बुंध्याभोवती गुंडाळू नये, एका बाजूने लाकडी पट्टीवर ठोकावी, नाहीतर बुंधा वाढताना तार सालीत रुतून झाड मरते. दोन-तीन वर्षांत गिरिपुष्पाचे बुंधे तार धरण्याइतके जाड होतात. बाभळीच्या साध्या, मुरमात नीट बसविलेल्या खांबाला तेवढाच काळ तग धरावयाचा असतो.